मागच्या पोरीला पुढं घ्या

आमच्या माहेरच्या ग्रुपवर कुणी 'वाचून अंगावर काटा येईल' असं काही पाठवलं, की त्याखाली 'बरं, मग?' असं लिहिणारी जी आगाऊ बाई आहे ना, ती मी. भूत, चकवा, अंगात येणं, स्वप्नात येऊन निरोप देणं... मला यातलं काही पटत नाही. अजूनही पटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी दिवसभर लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. रिपोर्ट विचित्र आला तर नमुना परत लावायचा, तरी विचित्र आला तर मशीन तपासायचं. चूक कुठंतरी सापडतेच, यावर माझी श्रद्धा आहे. त्यामुळं खालचं वाचून तुम्ही मला 'बरं, मग?' म्हणालात तर मला राग येणार नाही. म्हणजे येईल थोडा... पण मी गप्प बसेन.

माझं माहेर उमरगा, जिल्हा धाराशिव. आमच्या तोंडात अजून उस्मानाबादच बसलंय. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं गाव, त्यामुळं झोपेतसुद्धा ट्रकचे हॉर्न ऐकत मोठे झालो आम्ही. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, सगळी उमर त्याच रस्त्यावर काढली. स्वतःचा एकच ट्रक. मार्केट यार्डातून तूर, उडीद, हरभरा भरायचा, हैदराबादला उतरवायचा, येताना मिळेल तो माल आणायचा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ट्रक विकला. त्या दिवशी ते जेवले नव्हते, एवढं मला माझ्या भावानं, दत्तानं, सांगितलेलं आठवतं.

लग्नानंतर मी अमेरिकेत आले, डॅलसला. नवरा संदीप पुण्याचा. मोठी मुलगी स्वरा, ही गोष्ट घडली तेव्हा पाच वर्षांची. धाकटा अर्णव, तेव्हा नुकताच बसायला लागलेला. स्वरा तिकडंच जन्मली. आधी कोरोना, मग व्हिसाची भानगड, मग अर्णवच्या वेळचे दिवस... करता करता पाच वर्षं भारतात जाणंच झालं नाही. आण्णांनी नात पाहिली ती फक्त फोनवर. आणि आण्णांना फोन नीट धरता येईल तर शपथ! कानाला लावल्यासारखा धरायचे, त्यामुळं आम्हाला दिसायचं नुसतं कपाळ आणि वर गरगरणारा पंखा. स्वराच्या लेखी 'उमरग्याचे आजोबा' म्हणजे कपाळ आणि पंखा.

"पोरगी खरी हाय का गं?" ते मला प्रत्येक वेळी विचारायचे. "का नुसती फोनातच ठिवलीया? एकदा हात लावून बघतो. मग माझं काय म्हननं न्हाय."

मी हसायचे. "येऊ ओ आण्णा उन्हाळ्यात," म्हणायचे. तो उन्हाळा काही यायचा नाही.

मग एक दिवस दत्ताचा फोन आला. आण्णांना निमोनिया झाला होता, शुगर भलतीच वर गेली होती, ऑक्सिजन लावला होता. दत्ता चौरस्त्याजवळ स्पेअर पार्टचं दुकान चालवतो, गडी रडणाऱ्यातला नाही. पण त्याचा आवाज फुटत होता.

"आक्का, निघ तू. ते सारखं पोरीचं इचारत्यात. हात लावायचा म्हनत्यात."

आता एवढ्या घाईत चार जणांचं तिकीट मिळणं म्हणजे... संदीप लॅपटॉप घेऊन बसला. डॅलस ते दोहा, दोहा ते हैदराबाद, अशी एक फ्लाइट मिळत होती, पण त्यात मागं इकॉनॉमीत दोनच जागा आणि पुढं बिझनेस क्लासमध्ये एक. अर्णव मांडीवरचा, त्याला जागा लागत नव्हती. इतक्या वर्षांचे साठवलेले सगळे पॉइंट्स त्या एका पुढच्या जागेत गेले. कोण कुठं बसणार यावर चर्चाच नव्हती. अर्णव अंगावर पिणारा, म्हणजे मी आणि तो पुढं, संदीप आणि स्वरा मागं.

स्वराला हे विमानात चढेपर्यंत समजलं नव्हतं. समजलं तेव्हा तिनं दारातच बैठक मारली.

"मम्मा फ्रंटला आणि मी बॅकला? व्हाय? मी काय केलं?"

काय सांगणार? मागून माणसं चढतायत, अर्णव रडतोय, संदीपच्या दोन्ही खांद्यांवर बॅगा. शेवटी त्यानंच तिला उचलून नेली. ती त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत, हात पुढं करून रडत गेली. ते अजून डोळ्यांपुढं आहे.

माझी जागा म्हणजे राणीचा थाट होता. बटण दाबलं की खुर्चीचा पलंग. पाय ठेवायला समोर एक गादीची पेटी. गरम टॉवेल आणून दिला, त्याचं काय करायचं ते शेजारच्या साहेबांकडं चोरून बघून मी शिकले. आणि या सगळ्या थाटात मी मुळूमुळू रडत होते. तिकडं आण्णांचं काय चाललं असेल ठाऊक नाही, इकडं पोरगी पडद्यामागं.

विमान वर गेल्यावर मी हवाई सुंदरीला विचारलं, "मुलीला जरा वेळ माझ्याजवळ आणू का?" ती गोड हसली आणि नाही म्हणाली. मागच्या प्रवाशांना पुढं येता येणार नाही, तुम्ही मागं जाऊन भेटू शकता. बरं, मी आणि नवऱ्यानं आळीपाळीनं बसलं तर? त्यालाही नाही. बाळ ज्या तिकिटाला जोडलंय तिथंच राहणार. नियम म्हणजे नियम. मी अर्णवला काखेत मारून दोन-तीनदा मागं जाऊन आले. स्वरा खिडकीपाशी फुरंगटून बसली होती. माझ्याशी बोललीच नाही. संदीप म्हणाला, "तू येतेस आणि जातेस ना, म्हणून ती जास्त बिथरते. जा, झोप तू. मी बघतो." मग मी जाणं बंद केलं.

बाहेर लख्ख ऊन होतं, पण खिडक्यांचे पडदे ओढून त्यांनी सगळ्यांना झोपायला लावलं. मला झोप कसली येते? मी पडल्या पडल्या आमचा लहानपणीचा प्रवास आठवत होते... पुढं आणि मागं बसण्याचा.

आईचं माहेर वाशी. आमच्याच जिल्ह्यातलं, पण पार दुसऱ्या टोकाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आण्णांना त्या बाजूचं भाडं मिळालं की आमची सगळी वरात ट्रकमधून निघायची. उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, उस्मानाबाद, येडशी, येरमाळा, वाशी... आम्हाला तो प्रवास लंडनला निघाल्याइतका लांब वाटायचा. केबिनमध्ये आण्णा आणि आई. मधे इंजिनाची पेटी, तिच्यावर आई वाकळ घडी करून अंथरायची. इंजिनाची धग त्या वाकळेतून वर यायची, आणि तिच्यावर झोपायला मिळणं म्हणजे स्वर्ग. पण जागा एकाच पोराची. आम्ही दोघं, मी आणि दत्ता. मग एक जण पुढं पेटीवर, आणि एक जण मागं, ताडपत्रीवर, क्लीनर बाबूमामाच्या मांडीत.

मागं काही वाईट नव्हतं हो. वारा असायचा, बाबूमामा शेंगा फोडून द्यायचा. पण केबिनमध्ये आई असायची, उदबत्तीचा आणि डिझेलचा मिसळलेला वास असायचा, आणि आण्णा गुणगुणायचे. त्यामुळं मागं जायची पाळी आली की आम्ही भोकाड पसरायचो. आण्णांचा मात्र कायदा कडक. नळदुर्गाला गाडी थांबली की अदलाबदल. तुळजापूरला परत अदलाबदल. आणि मागचं पोर झोपलेलं असलं तरी त्याची पाळी बुडवायची नाही. आण्णा स्वतः वर चढायचे, पोराच्या डोक्याला आपला पंचा गुंडाळायचे, खांद्यावर घ्यायचे आणि खाली उतरवून पेटीवर आणून निजवायचे. आई म्हणायची, "अवो, झोपलंय न्हवं ते? राहू द्या की मागंच." त्यावर आण्णांचं ठरलेलं उत्तर, "झोपलं म्हून काय झालं, हक्काचं हाय त्याच्या."

आम्हाला ते 'सरकार' म्हणायचे. "चला सरकार, पुढं चला." डोळे मिटलेले असले तरी ते ऐकू यायचं. पंच्याचा घामट वास यायचा. मग धग लागायची पाठीला, आणि मग काहीच आठवत नाही.

हे सगळं आठवता आठवता मला विमानात कधी झोप लागली, समजलं नाही.

जाग आली ती पाय आखडल्यामुळं. पाय लांब करायला गेले तर पायाला काहीतरी मऊ लागलं. वाटलं, पांघरूण असेल. उठून बघते तर समोरच्या त्या गादीच्या पेटीवर स्वरा! मुटकुळं करून गाढ झोपलेली. अंगावर पांघरूण नीट खोचलेलं. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. उघडा पाय पेटीच्या कडेला, बाहेरच्या बाजूला.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, केली बुवा संदीपनं काहीतरी खटपट, गोड बोलून आणलं पोरीला. तिच्या केसांवरून हात फिरवला. गालावरचे अश्रू वाळले होते. मग म्हटलं, जाऊन त्याला शाबासकी तरी द्यावी. अर्णव विमानवाल्यांनी लावून दिलेल्या पाळण्यात झोपला होता. मी हळूच पडदा सारून मागं गेले.

संदीप तोंड उघडं टाकून घोरत होता. कडेच्या सीटवर तो, आत खिडकीची सीट रिकामी. त्याच्यापुढचा टेबल उघडा, त्यावर पाण्याचा अर्धा ग्लास, स्वराचे रंगीत खडू. मी त्याला हलवलं. त्यानं डोळे उघडले, शेजारी बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"स्वरा कुठंय?"

"कुठंय म्हणजे? तूच तर आणलीस ना पुढं?"

"मी? अगं, मी जागचा हललो नाहीये. बाथरूमला गेली का ती?"

"ती माझ्याजवळ झोपलीय. पुढं."

तो सरळ होऊन बसला. "मग तू नेलीस."

"मी आत्ता उठले, संदीप."

आम्ही दोघंही शिकलेली माणसं. लगेच कारण शोधलं. स्वरानं पट्टा सोडला असेल, टेबलाखालून वाकून, बापाच्या पायांमधून बाहेर निघाली असेल, अंधारात सरळ पुढं चालत आली असेल. पोरं काय वाटेल ते करतात. पण पडद्याजवळच्या खुर्चीत ती हवाई सुंदरी बसलेली होती. तिला विचारलं तर ती उलट माझ्यावरच चिडली. "मॅडम, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, मुलीला पुढे आणता येणार नाही." म्हणजे तिची समजूत, मीच आणली. मी म्हटलं, मी नाही आणली, तुम्ही पाहिलंत का तिला येताना? ती म्हणाली, इथून कुणी गेलेलं नाही, मी इथंच आहे. बाई डुलकी काढत असणार, दुसरं काय! मी मनातल्या मनात तिच्यावर खापर फोडून मोकळी झाले. झोपलेल्या पोरीला उठवून मागं पाठवायला मात्र तिचा जीव धजला नाही. म्हणाली, राहू दे आता.

इथपर्यंत काही अमानवीय नाही. मलाही तसंच वाटत होतं.

स्वरा उठली तेव्हा चांगली हसत उठली. मी तिला विचारलं, "शोना, तू इथं कशी आलीस गं? एकटी चालत आलीस?"

"नाही. आजोबांनी आणलं."

"कोणते आजोबा?" मला वाटलं, शेजारचे कुणी वयस्कर गृहस्थ. "मागं बसले होते ते?"

"नो, मम्मा. आपले. उमरगा आजोबा." मी मठ्ठ आहे अशा सुरात तिनं सांगितलं. "ते म्हणाले, चला सरकार."

मी चमकले. पण डोकं चालू होतं. 'सरकार' ते तिला फोनवरही म्हणायचे. तिनं ऐकलेलं. विमानात आजोबांच्याच गप्पा चालल्या होत्या, रडून रडून झोपली, स्वप्न पडलं, स्वप्नातच चालत आली. झोपेत चालतात पोरं. बरोबर बसलं सगळं.

"मग काय केलं आजोबांनी?"

"मला इथं ठेवलं. आणि माझा सॉक काढला आणि पाय धरून बसले."

"पाय धरून?"

"हां. असा." तिनं माझा घोटा धरून दाखवला. "त्यांचा हात खूप रफ आहे, मम्मा. टोचतो. आणि ना, ते मधेच सोडायचे. मग परत धरायचे. मग परत सोडायचे. मी म्हटलं, सोडू नका, तर ते हसले."

मी तिचा तो उघडा पाय हातात घेतला. आणि खरं सांगते, तोपर्यंत मला हे आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. ट्रक आठवायचा, वाकळ आठवायची, बाबूमामाच्या शेंगा आठवायच्या, पण हे नाही. ती 'सोडायचे, परत धरायचे' म्हणाली, आणि माझ्याच घोट्याला ते जाणवलं.

आम्ही त्या पेटीवर आण्णांकडं पाय करून झोपायचो. वळणावर पोर घसरून पडू नये म्हणून आण्णा एका हातानं स्टिअरिंग धरायचे आणि डाव्या हातानं आमचा घोटा. गिअर टाकायचा असला की हात सोडायचे, गिअर टाकायचे, की परत घोटा पकडायचे. त्यांच्या हाताला घट्टे होते, ते टोचायचे. झोपेतसुद्धा हात सुटला की आपण अर्धवट जागे व्हायचो, परत धरला की परत झोप. येडशीच्या घाटात तर सारखं सोड-धर, सोड-धर... वाशी येईपर्यंत.

हे मी स्वराला सांगितलेलं नव्हतं. संदीपला सांगितलेलं नव्हतं. मलाच आठवत नव्हतं तर मी कुणाला काय सांगणार? आणि फोनच्या कपाळातून आणि पंख्यातून कुणी कुणाचा घोटा धरत नाही.

मग मला रडू फुटलं. कारण माझ्या मनात एकच आलं, जे तुमच्याही मनात आलं असेल. आण्णा गेले. गेले, आणि जाता जाता नातीला हात लावून गेले. मी भूत-बित न मानणारी बाई, तोंडात पदर... म्हणजे विमानातलं ते पांघरूण कोंबून हुंदके देत होते. शेजारच्या साहेबांनी घाबरून पाण्याची बाटली पुढं केली. दोह्यापर्यंतचा उरलेला वेळ मी कसा काढला ते मला विचारू नका. स्वरा मजेत ज्यूस पीत होती आणि मी आण्णांच्या नावानं रडत होते.

दोह्याला उतरल्यावर माझी फोन सुरू करायची हिंमत होईना. संदीपनं लावला दत्ताला. मी त्याच्याकडं पाठ करून उभी राहिले. अर्णवला छातीशी इतकं आवळलं होतं की तो कळवळला.

संदीप म्हणाला, "आहेत. अगं, आहेत! शुद्ध नाही, पण आहेत."

मी अर्णवला आवळलेले हात सैल सोडले.

हैदराबादहून उमरग्याला दत्तानं गाडी पाठवली होती. जहीराबाद, हुमनाबाद करत आम्ही पोचलो ते थेट दवाखान्यात. आई बाहेर बाकड्यावर बसली होती. मला पाहून उठली, स्वराला पोटाशी धरलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "धपाटे आनलेत, खाऊन घ्या आधी." आमच्याकडं रडायचं नसलं की खायला घालतात.

धपाटे खाता खाता दत्ता सांगत होता. मी काही विचारलं नव्हतं. विमानातलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, संदीपलाही बोलू नको म्हणून बजावलं होतं.

"काल लई हैरान केलं बघ आण्णांनी," तो म्हणाला. "शुद्ध न्हाय, पर डावा हात काय गप बसंना. सारखा फुडं-मागं, फुडं-मागं. गिअर टाकल्यागत. आन् मधीच मूठ आवळायचं, कायतरी धरल्यागत. दोनदा सलाईन उपसली. सिस्टरनं हात बांधला तर सोडवून घेतला."

मी हातातला धपाटा खाली ठेवला. "काही बोलत होते?"

"व्हय. एकच. मागच्या पोरीला पुढं घ्या. मागच्या पोरीला पुढं घ्या. मला वाटलं, तुझंच काढलंय त्येंनी, ल्हानपनीचं. म्या म्हनलं, आवो आण्णा, आक्का यायली, विमानात हाय. तर गप झालं आन् गाढ झोपलं."

"कधी? किती वाजता?"

"आता घड्याळ कुठं बघितलं आक्का? सांजच्याला असंल. का रात्री?" त्यानं आईकडं बघितलं. आईलाही सांगता येईना.

मी लॅबवाली बाई. वेळा जुळवायला बसले. तिकडची वेळ, इकडची वेळ, विमानातली तर कुठलीच वेळ नाही. जुळतही होतं आणि नव्हतंही. नमुना परत लावायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी डोळे उघडले. डॉक्टरांनी दोन मिनिटं मुलांना आत न्यायची परवानगी दिली. आण्णा केवढे लहान झाले होते! ट्रकच्या टपावर एका उडीत चढणारा माणूस, उशीत हरवून गेला होता. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"आण्णा, मी आलेय. आणि ही बघा कोण आलीय. खरी आहे का नाही? लावा, हात लावून बघा आता."

स्वरा माझ्यामागं लपेल असं मला वाटलं होतं. नव्या माणसाजवळ ती जातच नाही. पण ती सरळ पुढं गेली आणि पलंगाला टेकून उभी राहिली. कपाळ आणि पंखा ओळखणारी माझी पोरगी त्यांच्याकडं ओळखीचं हसली.

आण्णांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मास्कच्या आतून ओठ हलले. मी कान लावला.

"कवाच लावलाय," ते म्हणाले. "लई रडत व्हती मागं."

मी म्हटलं, "आण्णा, तुम्ही..." पण ते दमले होते, त्यांनी डोळे मिटले. सिस्टरनं आम्हाला बाहेर काढलं.

त्यानंतर आण्णा काही आठवडे होते. घरी आले, बाजेवर बसायला लागले, स्वराला ट्रकच्या गोष्टी सांगायला लागले. मी रजा वाढवून घेतली. एकदा धीर करून मी त्यांना सरळ विचारलं, "आण्णा, दवाखान्यात तुम्ही म्हणालात ना, कवाच हात लावलाय म्हणून. ते काय होतं?"

"म्या म्हनलो?"

"हो. पोरगी मागं रडत होती, म्हणालात."

त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला. मग म्हणाले, "काय की बाई. तापात मानूस काय बी बरळतंय." आणि थोड्या वेळानं, मी उठून जायला लागले तेव्हा, "झोप लागली न्हवं पोरीला?"

"लागली, आण्णा. चांगली लागली."

"मग झालं की," म्हणाले. तेवढंच.

आण्णा गेले तेव्हा आम्ही सगळे उमरग्यातच होतो, एवढं माझं नशीब. ही गोष्ट मी सगळीकडून तपासून पाहिली. झोपेत चालणं म्हणा, योगायोग म्हणा, माझ्याच मनाचे खेळ म्हणा. हवाई सुंदरीची डुलकी तर मी अजूनही सोडलेली नाही. एकेक गोष्ट सुटते. पण घोटा सुटत नाही. त्याला माझ्याकडं उत्तर नाही, आणि कुणाकडं असलं तर ते ऐकायची मला फारशी इच्छाही नाही. मला एवढंच समजलं की माझ्या बापानं आम्हाला आयुष्यभर एका हातानं गाडी हाकत सांभाळलं, आणि ते समजायला मला एवढा समुद्र ओलांडून यावं लागलं. त्यांच्या तोंडावर मी ते म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

हे आत्ताच का लिहिलं, तर परवा स्वराला मी सहज विचारलं. आता ती आठ वर्षांची आहे. म्हटलं, "तुला आठवतं का गं, विमानात आजोबांनी तुला पुढं आणलं होतं?"

तिनं खूप आठवून पाहिलं. मला बरं वाटावं म्हणून खरंच प्रयत्न केला बिचारीनं. मग मान हलवली. "नाही, मम्मा. आजोबा कधी विमानात बसलेत?"

मी म्हटलं, "नाही गं. कधीच नाही."